ठोकळ्यातला जोर संपला

आमच्या विज्ञानाच्या बाई म्हणजे माझी सख्खी आत्या. त्यामुळे वर्गात माझे लाड होत असतील असं सगळ्यांना वाटायचं. लाड कसले, फळा पुसायला, तक्ते टांगायला आणि ओरडा खायला पहिला नंबर माझा. तरी आत्या मला मनापासून आवडायची. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढचं सगळं तुम्हाला एका कुढ्या मुलीचं रडगाणं वाटेल.

मी सातवीत असताना तिला नमुना पाठ घ्यायला सांगितलं. विषय, बल आणि घर्षण. शिक्षण खात्याचे साहेब मागच्या बाकावर बसून तो बघणार होते आणि जाताना वर्गातलं एक मूल उन्हाळी विज्ञान शिबिरासाठी निवडणार होते. दहा दिवस, खरी प्रयोगशाळा, खरी उपकरणं. मला तिथं इतकं जायचं होतं की जेवतानासुद्धा माझं तेच चालायचं, आणि बाबा म्हणायचे, "आधी घास गिळ."

बाबा सुतार. घर्षण मला पुस्तकात भेटायच्या आधी त्यांच्याकडे भेटलं होतं. ड्रॉवर अडकायला लागला की ते त्याच्या कडांना मेणबत्ती घासायचे आणि मला ओढून बघायला लावायचे. पाठासाठी फळी आणि गुळगुळीत ठोकळाही त्यांनीच करून दिला.

प्रयोग सोपा होता. उतरत्या फळीवरून ठोकळा सोडायचा. खाली एकदा नुसती फरशी, एकदा सतरंजी, एकदा खरखरीत पॉलिश पेपर. फरशीवर ठोकळा लांब घसरत जातो, सतरंजीवर थोडा, पॉलिश पेपरवर जवळजवळ जागच्या जागी थांबतो. मग बाई विचारणार, "ठोकळा का थांबला?"

दोन दिवस आधी आत्यानं मला शाळा सुटल्यावर थांबवून घेतलं.

"साहेबांना नुसती बरोबर उत्तरं आवडत नाहीत," ती म्हणाली. "आधी कुणीतरी चुकलं पाहिजे, मग बाईंनी ते सुधारलं पाहिजे. तर तू चुकायचंस. म्हणायचं, ठोकळ्यातला जोर संपला म्हणून तो थांबला."

"मी? अगं, मला येतंय ते."

"म्हणून तर तुला सांगतेय. दुसरं कुणी ऐनवेळी घाबरून भलतंच बोलेल. तू घरची आहेस."

"आणि शिबिर?"

"पाठ संपला की मी स्वतः सांगते साहेबांना, ही वर्गात सगळ्यात हुशार आहे म्हणून. शब्द दिला, बाळा."

त्या शब्दावर मी इतकी खूश झाले की बरोबर उत्तरही मीच कागदावर लिहून दिलं. ते आत्यानं पहिल्या बाकावरच्या चष्मेवालीला पाठ करायला दिलं. तिनं केलंही, पूर्णविरामासकट.

पाठाच्या दिवशी मी उभी राहिले, जमेल तितका बावळट चेहरा केला आणि म्हणाले, "ठोकळ्यातला जोर संपला." वर्ग हसला. आत्या गोड आवाजात म्हणाली, "असंच बऱ्याच जणांना वाटतं. पण हे चूक आहे." मग चष्मेवालीनं माझा कागद खणखणीत म्हणून दाखवला. साहेबांनी मान डोलावली.

पाठ संपल्यावर मी मुद्दाम दाराशी घुटमळले. साहेब आत्याला म्हणत होते, "ती चष्मा लावणारी मुलगी शिबिराला पाठवा. आणि ती जोर संपला म्हणणारी, तिच्याकडे जरा जास्त लक्ष द्या."

"हो साहेब, देते," आत्या म्हणाली. बस, एवढंच.

मी जाब विचारला तर म्हणाली, "कसं सांगणार गं? पाठ बसवलेला होता हे कळलं असतं ना." गरज सरो, वैद्य मरो, दुसरं काय. पण हेही मी गिळलं असतं. त्या संध्याकाळी ती घरी आली आणि बाबांनी विचारलं, "ताई, हिचं नाव का नाही आलं?" तर माझ्यासमोर बसून ती म्हणाली, "ऐनवेळी चुकली रे. पाया कच्चा आहे अजून."

बाबा मला रागावले नाहीत. ते उठले, मेणबत्ती घेऊन आले आणि मला ड्रॉवर उघडून पहिल्यापासून घर्षण समजावायला लागले, हळूहळू, लहान मुलाला सांगावं तसं. मी आत्याकडे बघत राहिले. ती मूग गिळून बसली होती. तोंड उघडलं असतं तर मला रडू फुटलं असतं, म्हणून मी नुसता ड्रॉवर ओढत राहिले.

पाठ साहेबांना फारच आवडला होता. पंधरा दिवसांनी तोच पाठ पुन्हा ठरला, या वेळी दुसऱ्या शाळांचे वीस शिक्षक आणि स्वतः साहेब बघायला येणार होते.

"तेच उत्तर दे हं," आत्या म्हणाली. "साहेबांना वाटेल, हिचा पाया अजून कच्चाच आहे. तुझ्याइतकं खरं वाटेल असं कुणाला जमत नाही."

"आधी साहेबांना खरं सांग. शिबिराला अजून वेळ आहे."

"पाठ झाला की सांगते. शब्द दिला."

त्या क्षणी मी ठरवलं.

ठोकळा पॉलिश पेपरवर थांबला. आत्यानं प्रश्न विचारला आणि माझ्याकडे बोट केलं. मी उभी राहिले आणि स्पष्ट म्हणाले, "ठोकळा आपोआप थांबत नाही. तो आणि पेपर एकमेकांना घासतात, तिथं घर्षण बल लागतं. ते गतीच्या विरुद्ध दिशेनं असतं. पेपर खरखरीत आहे म्हणून ते जास्त लागतं."

"असंच बऱ्याच जणांना वाटतं," आत्या गोड आवाजात म्हणाली. "पण हे चूक आहे."

तिनं माझं उत्तर ऐकलंच नव्हतं. वीस शिक्षकांची पेनं थांबली. चष्मेवाली अर्धवट उठली होती, ती तशीच लोंबकळत राहिली.

"बाई," साहेब मागून म्हणाले, "चूक कुठं आहे? बरोबर सांगतेय की ती."

आत्याचा चेहरा पांढरा पडला. मला वाटलं, आता तरी सांगेल. एवढं सगळं होऊनही मला अजून आशा होती.

मग ती हसली. "मुद्दामच म्हटलं, साहेब. आपल्या उत्तरावर ठाम राहते का बघायला. गेल्या वेळी हीच चुकली होती, आठवतंय ना? तेव्हापासून रोज घरी बसवून शिकवतेय."

"वा," साहेब म्हणाले. "पंधरा दिवसांत एवढी प्रगती. याला म्हणतात शिकवणं."

त्यांनी टाळी वाजवली, मग वीस शिक्षकांनी, मग सगळ्या वर्गानं. केसानं गळा कापणं म्हणजे काय ते मला तेराव्या वर्षी, भर टाळ्यांत कळलं. आत्या माझ्याजवळ आली आणि तिनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला. तिच्या डोळ्यांत खरोखरचं प्रेम होतं, आणि तेच मला सगळ्यात जास्त लागलं.