पंचाण्णव यार्डांची सूट

बिराबीन गावची मैलाची शर्यत ईस्टरच्या सोमवारी दुपारी तीन वाजता सुटते. कॉलिन ट्रेंबाथ, सगळ्यांचा कॉल, ती अकरा वेळा पळाला होता आणि त्यात दोनदा दुसरा आला होता. यंदा त्याला चौतीस पूर्ण झाली होती. जिंकणाऱ्याच्या खांद्यावरून घालतात तो निळा रेशमी पट्टा त्याला एकदा तरी हवा होता. ही शेवटची खेप आहे हे तो, त्याची बायको नोरीन आणि त्याला तयार करणारा व्हर्न पास्को, तिघांनाही ठाऊक होतं.

बाविसाव्या वर्षी तो मैलाच्या शर्यतीत देशात तिसरा आला होता. देशाच्या संघात दोघांनाच घेतलं. तिसऱ्याला संघटनेचं अभिनंदनाचं पत्र आलं. पुढच्याच हंगामात तो गवतावरच्या रोख बक्षिसांच्या शर्यतींत उतरला आणि नियमाप्रमाणे हौशी मैदानाचं दार त्याला कायमचं बंद झालं. तेव्हापासून आठवडाभर लोण्याचा कारखाना आणि शनिवारी कुठल्यातरी गावचं मैदान, हेच चाललं होतं.

या शर्यतींत सगळे एका रेषेवरून सुटत नाहीत. सगळ्यात तगडा मूळ रेषेवर उभा राहतो, बाकीच्यांना ज्याच्या त्याच्या कुवतीप्रमाणे पुढे सूट मिळते. सूट ठरवणारा अधिकारी उन्हाळाभर वही घेऊन कुंपणाशी उभा असतो. त्यामुळे उन्हाळाभर कोण किती खरं पळतोय, हा या मंडळींचा जुना विषय आहे.

व्हर्न पूर्वी न्हावी होता. आता त्याच्या हाताखाली सात पळणारे होते आणि लोक त्यांना पास्कोचा तबेला म्हणत. नोव्हेंबरात, म्हणजे तिकडे उन्हाळ्याच्या तोंडावर, कॉलच्या पोटऱ्यांना तेल चोळता चोळता त्याने बेत सांगितला. गेल्या वर्षी चाळीस यार्ड सूट होती, यंदा नव्वदच्या वर हवी.

“उन्हाळाभर मेल्यासारखं पळायचं,” व्हर्न म्हणाला.

“आणि ईस्टरला?”

“ईस्टरला उठायचं. येशूला जमलं, तुला काय धाड भरलीय?”

मग ते सुरू झालं. शर्यतीच्या दिवशी सकाळी व्हर्न त्याला आठ मैल पळवून आणी आणि दुपारी मैदानात उभा करी. एकदा शर्यतीला अर्धा तास असताना त्याने कॉलला मटणाचे दोन मोठे पॅटिस खायला घातले. कधी कॉल मुद्दाम घोळक्यात आतल्या बाजूला अडकून राही. पहिल्या तीन-चार शर्यतींत पाय आवरणं जड गेलं; शेवटच्या वळणावर ते आपोआप पुढे ओढत आणि कॉलला दात आवळून त्यांना धरून ठेवावं लागे. जानेवारीत ते ओढेनासे झाले. आपल्याला युक्ती साधली, असं त्याला वाटलं. तो पाचवा येई, सातवा येई, घरी जाऊन जेवे, झोपे. नोरीनने एकदा विचारलं, हरल्याचं काही वाटत नाही का. मुद्दाम हरतोय तर वाटायचं काय, असं तो म्हणाला. ते खरंही होतं. पण इतर गोष्टींचंही काही वाटत नव्हतं, हे त्याने सांगितलं नाही.

व्हर्न खूश होता. इतकं बेमालूम कुणी पळत नाही, असं तो तबेल्यातल्या बाकीच्यांना ऐकवी. मार्चअखेर यादी लागली. कॉलला पंचाण्णव यार्ड.

सोमवारी मैदान भरलं होतं. बुकींच्या पाट्यांवर कॉलचं नाव पहिलं होतं. बातमी फुटायची ती फुटलीच होती. बंदूक वाजली. तो आठव्या जागी सहज पळत होता. दोन फेऱ्या झाल्या, तीन झाल्या, शेवटच्या फेरीची घंटा झाली. कुंपणावरून व्हर्नने टोपी काढली. आता सोड, ही त्यांची खूण होती.

कॉलने सोडलं. निदान त्याला तसं वाटलं. पाय त्याच चालीने पडत राहिले. त्याने पुन्हा जोर लावला. दम लागत नव्हता, छाती जळत नव्हती, कुठे काही दुखत नव्हतं. दुखलं असतं तर बरं झालं असतं. पुढचे पाच गळाले, म्हणून तो चौथा आला. मागून आलेला एकोणीस वर्षांचा पोरगा जिंकला. कुंपणाशी लोक हुर्यो करू लागले आणि ती आपल्यासाठी आहे, हे कॉलला जरा उशिरा कळलं.

पंधरा मिनिटांत त्याला पंचांच्या खोलीत बोलावणं आलं. टेबलामागे तिघे बसले होते. मधले कीस्ट साहेब, पूर्वी पोलिसात होते. व्हर्न दाराशी उभा राहिला.

कीस्टनी शांतपणे मुद्दे मांडले. सगळ्यांनी पैसे लावलेला धावपटू, एवढी सूट, आणि शेवटच्या फेरीत चालीत तसूभर फरक नाही. संपल्यावर हा माणूस धापासुद्धा टाकत नव्हता. असं दिसलं की समिती एकच प्रश्न विचारते आणि उत्तर आहे तसं लिहून घेते.

“ट्रेंबाथ, आज पूर्ण ताकदीने पळालात का?”

कॉलने लेखनिकाच्या पेनाकडे पाहिलं. हो म्हटलं तर सुटका होती. स्पष्टीकरण मान्य, एवढीच ओळ लिहिली जाईल. पुढच्या ईस्टरला आणखी वीस-तीस यार्ड मिळतील, अंगात काही उरलं नाही म्हणून. गावोगावच्या वह्यांत हेच उतरेल. उन्हाळाभर तो जेवढा हळू पळाला तेवढाच त्याचा वेग होता, असंही ठरेल. नाही म्हटलं तर दोन वर्षांची बंदी.

“नाही,” कॉल म्हणाला. “राखून पळालो.”

पेन चाललं. सही कुठे करायची ते कीस्टनी बोटाने दाखवलं. त्याने केली.

बाहेर स्टँडच्या सावलीत व्हर्नने त्याला गाठलं. त्याचा आवाज चढला नाही. कुणाकडून पैसे घेतलेस, एवढंच त्याने विचारलं.

“अकरा वर्षं तुझे पाय चोळले मी,” व्हर्न म्हणाला. “विकलं जायचं होतं तर मला निदान सांगायचंस, गाढवा.”

खरं सांगायला दोन वाक्यं पुरली असती. कॉलने बुटांच्या नाड्या सोडवल्या, बूट एकात एक अडकवले. व्हर्न बाकीच्या पोरांना घेऊन गाडीकडे गेला.

नोरीन गाडीत बसून होती. लाउडस्पीकरवर बंदीचं तिने ऐकलंच होतं. त्याने दार लावून घेतल्यावर तिने अंड्याचं सँडविच पुढे केलं आणि त्याने ते अर्धं खाल्लं.

“दोन वर्षं ना?”

“हो.”

“म्हणजे छत्तीस. मग पळशील परत?”

“पळेन,” कॉल म्हणाला. “आज होतंच की अंगात.”

नोरीनने त्याच्याकडे पाहिलं. कोरडी बनियन, कोरडं कपाळ. उरलेलं सँडविच कागदात गुंडाळून तिने गाडी सुरू केली.