दाराबाहेरची किल्ली

स्तामाताचं लग्न झालं ते एकोणीसशे एकोणऐंशी साल. त्याच साली तिच्या बापाने, आनेस्तीसने, आपल्या घरावर एक मजला चढवला आणि लेकीला हुंड्यात दिला. जावई थिमिओस बोटीवर इंजिनं सांभाळायचा. वर्षातले आठ महिने समुद्रावर. लेक हाकेच्या अंतरावर राहिली, याचं आईला, गारुफलियाला, कोण समाधान!

आमच्या बेटावर घराची किल्ली दाराला बाहेरूनच लावलेली असते. येणाऱ्याने फिरवायची आणि आत शिरायचं. ती काढतात फक्त घर बंद करून परदेशी जाताना.

नऊ वर्षं गारुफलियाने ती किल्ली दिवसातून चारदा फिरवली. स्तामाता गावच्या दवाखान्यात नर्स. रात्रपाळी करून सकाळी जरा डोळा लागला की आई यायची, भांडी घासायची, कपाटं लावायची आणि पलंगाच्या कडेला बसून विचारायची, "झोपलीस का गं?" एकदा थिमिओस रजेवर आलेला असताना भर दुपारी ती भोपळ्याच्या भरलेल्या फुलांची ताटली घेऊन थेट शेजघरात आली. जावयाने चादर हनुवटीपर्यंत ओढली.

"लाजतोस काय रे?" ती म्हणाली. "गरम आहेत तोवर खा."

यावर नवरा-बायको पुष्कळ दिवस हसली. पण अठ्ठ्याऐंशीच्या ऑगस्टात जे झालं, त्यावर हसता येईना. अथेन्सच्या डॉक्टरांचं पत्र स्तामाताने चादरींच्या घडीत ठेवलं होतं. मूल होणार नाही, असं त्यात लिहिलेलं. थिमिओस आला की समोरासमोर सांगायचं, असं तिने ठरवलं होतं. तर रविवारी चर्चच्या अंगणात बेकरीवाली मारिगो तिच्या पोटावर हात ठेवून म्हणाली, "रडू नको, बाई. माझ्या नणंदेने देवमातेला नवस केला, तिला जुळं झालं." थिमिओसला बातमी कळली ती रॉटरडॅमच्या धक्क्यावर, गावच्याच एका खलाशाच्या तोंडून.

स्तामाता चर्चमधून घरी आली, तिने किल्ली काढली आणि दार आतून लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी शेजारचा स्त्रातोस सुक्या अंजिरांची पिशवी घेऊन जिन्यात उभा.

"मेलबर्नलाच चाललीस ना? एवढी माझ्या भावाला दे. आणि म्हणावं, पत्र लिहिल्याने हात झिजत नाहीत."

"कुठे चालले नाही, काका."

"मग किल्ली?"

"आत आहे."

त्याने पिशवी पोटाशी धरली आणि जिना उतरला. संध्याकाळपर्यंत गावभर झालं.

गारुफलिया वर आली ती एप्रनला हात पुसत.

"मी चोर आहे का?"

"नाहीस. पण पत्र वाचलंस, आणि गावभर वाटलंस."

"देवाला सांगितलं मी!"

"मारिगो देव कधी झाली?"

"नऊ महिने पोटात वाहिलं तुला. तेव्हा दार होतं का मध्ये?"

"आई, ये ना. रोज ये. फक्त दार वाजव, मी उघडीन."

"दार पोस्टमन वाजवतो, पोरी."

खालून आनेस्तीस ओरडला, "दगड मी वाहिलेत त्या मजल्याचे! पण दिला म्हणजे दिला. खाली ये, गारुफलिया."

चाळीस दिवस ती वर आली नाही. जेवण मात्र यायचं, पायरीवर, झाकून. मग एके दिवशी दोनदा टकटक झाली. दार उघडलं तर आई एक पायरी मागे सरकून, हात बांधून उभी. पुढे ती नेहमी तशीच आली. दोनदा वाजवायची, उघडलं नाही तर परत जायची. आत आल्यावर सांगितल्याशिवाय बसायची नाही. स्तामाताला झोप मिळू लागली, नवऱ्याशी मनातलं बोलता येऊ लागलं. मागितलं तेच मिळालं होतं. तरी "आई, एवढं नको गं," ती एकदा म्हणाली. "कसं हवं ते तूच सांगितलंस," आई म्हणाली.

पुढच्या शरदात एका सकाळी स्तामाता रात्रपाळीहून येऊन नुकतीच आडवी झाली होती. टकटक झाली. पालेभाजी आणली असेल, असं म्हणून तिने कूस बदलली. थोड्या वेळाने पुन्हा, तशीच हळू. आई परत गेली नाही, हे तिच्या उशिरा ध्यानात आलं. तिने दार उघडलं. गारुफलिया पायरीवर बसली होती.

"झोपमोड केली का?"

"काय झालं?"

"तुझे बाबा उठत नाहीयेत. छातीत दुखतंय म्हणाले, मग आडवे झाले."

"अगं, मग हाक का नाही मारलीस? दार का नाही बडवलंस?"

"वाजवलं की," आई म्हणाली.

स्तामाता अनवाणी जिना उतरली. बापाचा हात अजून उबदार होता. तिने छाती दाबून पाहिली, तोंडाने श्वास भरून पाहिला. डॉक्टर येऊन तिला बाजूला करीपर्यंत ती थांबली नाही. वेळेवर कळतं तर काय झालं असतं, हे तिने डॉक्टरांना विचारलं. ते बॅग आवरू लागले. आईने मात्र प्रश्न ऐकला.

आनेस्तीस गुरुवारी, १२ ऑक्टोबर १९८९ रोजी, सकाळी दहाच्या सुमारास वारला. वय एकाहत्तर.