शेड नंबर एक्केचाळीस

शनिवारी सकाळी नऊ वाजून चाळीस मिनिटांनी आठवीतली योगिता शाळेच्या मंचावरून उतरली, मुलांच्या रांगांमधून वाट काढत फाटकाबाहेर गेली. चपला मंचाच्या पायरीशी राहिल्या. फाटकावरच्या शिपायाला वाटलं, कार्यक्रमातलंच काहीतरी असेल. सव्वाअकराला ती सापडली, घराच्या दोन गल्ल्या अलीकडे, साड्यांच्या घड्या घालणाऱ्या कारखान्याच्या जिन्याखाली. दोन्ही हात कानांवर होते. टाचेत काच शिरली होती.

योगिताला ऑटिझम आहे. ती फार कमी बोलते आणि गोंगाट तिला सोसत नाही. जूनमध्ये उज्ज्वलाबेननी 'सोबती' योजना सुरू केली होती. शाळा मराठी माध्यमाची असली तरी सुरतेत असल्यामुळे तिथं बाईंना बेनच म्हणतात. योजना साधी होती: शाळेत ऑटिझम असलेली चार मुलं, प्रत्येकाबरोबर त्याच्याच वर्गातलं एक मूल. योगिताची सोबती मानसी. तिला कोणी नेमलं नव्हतं, हात तिनंच वर केला होता.

पहिले दोन आठवडे मानसी रोज विचारायची, "कशी आहेस?" उत्तर यायचं नाही. तिसऱ्या आठवड्यात योगितानं दप्तरातून शेडकार्ड काढलं, रंगछटांचा तक्ता. तिचे वडील चिंधा पलसाण्याच्या कापड रंगवणाऱ्या डाइंग मिलमध्ये रंग कालवतात. जुनं झालेलं कार्ड त्यांनी घरी आणलं होतं. पुठ्ठ्यावर चिकटवलेले कापडाचे अठ्ठेचाळीस तुकडे, प्रत्येकाखाली नंबर. योगितानं सत्तावीसवर बोट ठेवलं. राखाडी. मानसीनं ते वहीत लिहून ठेवलं.

दिवाळीपर्यंत तिला बरंच कळलं होतं. चौदा, मेंदी रंग, म्हणजे ठीक. सत्तावीस म्हणजे बोलू नकोस. एक्केचाळीस, गडद लाल, म्हणजे आत्ताच्या आत्ता बाहेर ने. एक्केचाळीस आला की मानसी कोणालाही न विचारता तिला मागच्या नळापाशी न्यायची. तेवढी परवानगी बेननी दिली होती.

वर्गही सरावला. लखन शर्टाची बाही पुढे करायचा.

"योगिता, हा कितवा?"

"तेहतीस."

"बघा. हिची मिलमध्ये नोकरी पक्की. आपण बसा पेपर देत."

शाळेत कोणी चांगलं काम केलं की पाऊसटाळी वाजते. आधी एका बोटानं तळहातावर टपटप, मग दोन बोटांनी, मग तीन, शेवटी पाचही बोटांची सर. आठवीच्या वर्गात ती एका बोटावर थांबायची. हे मानसीनं सुचवलं होतं आणि वर्गानं पाळलं होतं. बाकी शाळेला त्याची कल्पना नव्हती.

जानेवारीत कतारगामची एक संस्था शाळेला शांत खोली करून द्यायला तयार झाली. जाड पडदे, गादी, मंद दिवा. त्याआधी त्यांना योजना बघायची होती. बेननी शनिवारचा कार्यक्रम ठरवला: पाहुण्यांपैकी कोणाचाही कपडा दाखवायचा, योगिता नंबर सांगणार, मानसी कार्ड धरून ताडून दाखवणार. चार दिवस तालीम झाली. मानसीनं 'माझी सोबतीण' असं दोन पानांचं भाषणही पाठ केलं.

शनिवारी पत्र्याच्या छपराखाली चारशे मुलं बसली होती. योगितानं एका पाहुणीची ओढणी ओळखली, मग फाइलचं कव्हर, मग एकाचा रुमाल. तिन्ही नंबर बरोबर निघाले. चौथ्याच्या आधी ती मानसीकडे आली आणि तिच्या हातातल्या कार्डावर बोट ठेवलं. एक्केचाळीस. बोट इतकं दाबलेलं की नख पांढरं पडलं होतं.

बेननी हसून माइक पुढे केला. "काय म्हणतेय ती?"

भाषण अजून व्हायचं होतं. पहिल्या रांगेत एक पाहुणा मोबाइल धरून उभा होता.

"ती म्हणते, तिला खूप छान वाटतंय," मानसी म्हणाली.

"मग होऊन जाऊ दे पाऊसटाळी," बेन म्हणाल्या, आणि चारशे मुलांनी ती पाच बोटांपर्यंत नेली.

त्या दिवशी योगिता सापडल्यावर उज्ज्वलाबेन शिक्षकांच्या खोलीत म्हणाल्या, "चूक माझी. टाळी मी सांगितली. मला आठवायला हवं होतं." मानसी दारात उभी होती. प्रत्येक सोबत्याला शनिवारी सोबती-वहीत एक ओळ लिहावी लागते. तिनं लिहिलं: 'टाळ्यांमुळे योगिताला त्रास झाला.' ओळ खरी होती, म्हणूनच ती खोडताही येईना.

सोमवारी योगिताची आई मंगलाबाई शाळेत आली आणि शाळा सोडल्याच्या दाखल्यासाठी अर्ज देऊन गेली. दाखला काढला तर पोर घरीच बसेल, हे बेननी तिला सांगितलं. ती तिच्या अहिराणीत म्हणाली, "बठू द्या."

शेडकार्ड मानसीच्या दप्तरातच राहिलं होतं. मंगळवारी तिनं ते तीनदा बाहेर काढून परत ठेवलं. बुधवारी लखननं विचारलं, "तुझी सोबतीण कधी येणार?" तेव्हा "मला काय माहीत" म्हणत ती त्याच्यावर खेकसली. गुरुवारी शाळा सुटल्यावर ती योगिताच्या घरी गेली.

खोली एकच होती. योगिता भिंतीकडे तोंड करून बसली होती, टाचेला पट्टी. मंगलाबाईनं चहा ठेवला.

"बठ, माय. पाच दिन व्हई ग्यात, तिनं कार्ड सापडत नही. समदं घर धुंडाळं."

मानसीनं कार्ड काढून योगितासमोर ठेवलं. योगितानं ते न बघता उचललं आणि मांडीखाली घातलं.

"तूच एक तिले वळखस," मंगलाबाई म्हणाली. "बाकीनास्ले काय. तू व्हतीस म्हनीसन मी तिले धाडू."

मानसीनं दप्तर बाजूला सरकवलं.

"काकू, तिनं मला लाल दाखवला होता. टाळ्यांच्या आधी. बाहेर ने म्हणून. मी बघितला. आणि माइकवर खोटं बोलले."

मंगलाबाईनं गॅस बंद केला. योगिताकडे बघितलं, मग चहाच्या पातेल्याकडे.

"खोटं कसाले बोलनी?"

भाषणाचं मानसीच्या ओठांवर आलं होतं, पण त्या खोलीत तो शब्द काढवेना.

"माले सांगीसन काय उपेग?" मंगलाबाई म्हणाली. "बेनले सांग."

शुक्रवारी पहिल्या तासाआधी मानसीनं बेनना सांगितलं. बेननी सगळं ऐकून घेतलं. मग टेबलावरचा कागद तिच्यापुढे सरकवला. संस्थेला पाठवलेल्या अहवालाची ती प्रत होती. तिसऱ्या परिच्छेदात लिहिलं होतं: 'विद्यार्थिनीने स्वतः आनंद व्यक्त केला. नंतरचा प्रसंग केवळ टाळ्यांच्या आवाजामुळे घडला.' खाली बेनची सही होती. खोली गुरुवारीच मंजूर झाली होती.

"हे कळवलं, तर कदाचित खोली जाईल," बेन म्हणाल्या. "बाकीच्या तिघांचीही."

"आणि नाही कळवलं तर?"

बेन कागदाची घडी घालू लागल्या. घंटा झाली. मानसीच्या नजरेला नजर न देता त्या वर्गावर गेल्या.

मधल्या सुट्टीत मानसीनं सोबती-वही उघडली आणि मागच्या शनिवारच्या ओळीखाली लिहिलं: 'त्याआधी तिनं एक्केचाळीस दाखवला होता. मी लपवला.' वही तिनं बेनच्या टेबलावर ठेवली.

शनिवारी सकाळी वही त्याच जागी होती. उघडली गेली की नाही, कळायला मार्ग नव्हता. संस्थेचा माणूस शांत खोलीसाठी जिन्याशेजारच्या खोलीची मापं घेऊन गेला. दाखल्याचा अर्ज मुख्याध्यापकांकडे सहीसाठी आहे. आठवीच्या हजेरीत योगिताच्या नावापुढे सलग सहावी गैरहजेरी लागली आहे.