दुपारी चारचा चंद्र

गोदामाच्या पत्र्याच्या दाराबाहेर दुपारी एकपासून रांग लागायची, ती थेट कोपऱ्यावरच्या सायकलवाल्यापर्यंत. रांगेत झोप न येणारे होते, नोकरी गेलेले होते, सासूशी न पटणाऱ्या सुना होत्या आणि सुनेशी न पटणाऱ्या सासवाही होत्या. सगळ्यांच्या तोंडी एकच गोष्ट. काल ज्याच्या कपाळाला नुसतं पाणी लावलं, त्याच्या कपाळावर आज काळा डाग उमटला. साबणानं जात नाही, रॉकेलनं जात नाही, लिंबानंही जात नाही.

आत काळोख करून चंद्रवैद्य एका उंच स्टुलावर बसलेले असत. आवाज मात्र दाराबाहेरपर्यंत ऐकू येई. चंद्राला सोळा कळा, ते सांगत. त्यातली एखादी वाट चुकते आणि माणसाच्या डोक्यात शिरते. मग ती रात्री जागी राहते आणि माणसालाही जागं ठेवते. खरं की नाही? रात्रभर तळमळलेला माणूस यावर नाही कसं म्हणणार? मग दिवस मावळल्यावर वैद्य काचेची कांडी बाटलीत बुडवत आणि कपाळाला टेकवत.

"हे काय आहे? पाणी. दिवसा निव्वळ पाणी. रात्री चंद्र उगवला की तो आपलं माणूस ओळखतो आणि खूण करतो. खूण उमटली तर बाधा आहे. नाही उमटली तर घरी जा, सुखानं जेवा."

गल्लीतला न्हावी एकदा हाताची घडी घालून, टवाळी करायलाच गेला होता. त्याच्या कपाळावर काही उमटलं नाही. "तुला चंद्र शिवलेला नाही," असं सांगून वैद्यांनी त्याला उपचाराशिवाय परत पाठवलं. त्या दिवसापासून वैद्यांच्या प्रामाणिकपणाची जाहिरात न्हावीच फुकटात करू लागला. ज्यांना डाग उमटे त्यांना तीन आठवड्यांचा उपचार. तिसऱ्या आठवड्यात डाग फिका होई, म्हणजे बाधा उतरली. यात शंका घ्यायला जागाच कुठे होती?

आरसेकाकांना शंका होती, पण त्यांना ती कुणाला सांगायचा कंटाळा आला होता. पस्तीस वर्षं ते काचेवर चांदी चढवून आरसे करत होते. तेवढीच वर्षं ते लोकांना सांगत आले होते की फुटक्या आरशानं कुणाचं वाटोळं होत नाही. लोक मान डोलवायचे आणि फुटका आरसा त्यांच्याच दारात टाकून जायचे. पालथ्या घड्यावर किती पाणी ओतायचं, असं म्हणून काकांनी ते सोडून दिलं होतं.

पण आता त्या रांगेत त्यांची धाकटी मुलगी उभी राहत होती.

थोरली लग्न होऊन दूर गेलेली, बायको तीन वर्षांपूर्वी वारलेली. घरात काका आणि धाकटी, दोघंच. धाकटी कापडाच्या कारखान्यात दुसऱ्या पाळीला तपासणीच्या टेबलावर होती. कापडातला एक चुकलेला धागा तिच्या नजरेतून सुटत नसे. पाळी आठला सुटायची. आणि ही शहाणी, कामसू मुलगी चंद्राला भ्यायची. चंद्र दिसला की तिच्या छातीत धडधडायचं, हात गार पडायचे, आता आपण मरणार असं वाटायचं. आधी ती पौर्णिमेच्या आसपास रजा घेऊ लागली. मग संध्याकाळी खिडक्या लावू लागली. खिडकीसमोरचा मोठा आरसा, काकांनी स्वतः केलेला, तिनं चादर टाकून झाकला, कारण त्यात चंद्र उतरायचा.

काकांनी काय केलं? हसले. पहिल्यांदा प्रेमानं, नंतर वैतागून. "अगं, दगडाचा गोळा आहे तो. लहान पोरं त्याला मामा म्हणतात आणि तू घोडी झालीस तरी भितेस." एकदा तर पाहुण्यांदेखत म्हणाले. त्यानंतर धाकटीनं त्यांच्यापाशी तो विषयच काढला नाही. काकांना वाटलं, गेली भीती.

एके सकाळी तिच्या कपाळावर काळा डाग दिसला तेव्हा काका चहा गाळत होते. त्यांची स्वतःची दहाही बोटं कायमची काळी. घरातला टॉवेल, दाराची कडी, जुन्या वहीची पानं, सगळीकडे त्या बोटांचे ठसे. काळा डाग म्हणजे या घरातली रोजची गोष्ट होती. ते म्हणाले, "माझ्या टॉवेलाला तोंड पुसलंस वाटतं," आणि अपराधी वाटून तो टॉवेल उकळत्या पाण्यात घातला. खरं उत्तर त्यांच्या तोंडून पहिल्याच सकाळी निघून गेलं होतं. फक्त त्यांनी ते ऐकलं नाही.

पंधरा दिवसांनी धाकटीनं शांतपणे सांगितलं की ती शुक्रवारी दुपारी गोदामात राहायला जाणार आहे. आत एक बिनखिडकीची खोली आहे. एकवीस दिवस तिथे राहायचं, कुणाला भेटायचं नाही. कारखान्यातून तिला आधीच ताकीद मिळाली होती. एकवीस दिवस गेली तर टेबल दुसरीला मिळणार, हे तिला ठाऊक होतं. बोलताना तिनं खिशातून बोटाएवढी तपकिरी बाटली काढून कोनाड्यात ठेवली. रोज संध्याकाळी लावायला वैद्यांनी दिलेली. तिच्या मनगटावर नवा डाग होता, कांडीच्या टोकाएवढा, अगदी गोल.

टॉवेलानं गोल डाग पडत नाही. काका त्या डागाकडे बघत राहिले, मग स्वतःच्या बोटांकडे. धाकटी झोपल्यावर त्यांनी बाटली उचलली आणि सकाळी कामावर घेऊन गेले.

चांदी चढवण्याआधी नळाचं पाणी पारखायची आरसेवाल्यांची एक जुनी रीत आहे. चांदी आम्लात विरघळवून जो क्षार मिळतो, त्याच्या पाण्याचा एक थेंब नळाच्या पाण्यात सोडायचा. पाण्यात मिठाचा अंश असेल तर ते दुधासारखं गढुळतं, आणि तसलं पाणी आरशाला चालत नाही. काकांनी पेल्यात पाणी घेतलं, चिमूटभर मीठ टाकलं आणि वैद्यांच्या बाटलीतला थेंब सोडला. पाणी पांढरंफटक झालं, म्हणजे बाटलीत तेच चांदीचं पाणी होतं. काका तिथेच स्टुलावर बसले. राग येईल असं त्यांना वाटलं होतं, पण आली ती नुसती थकवणारी लाज. पस्तीस वर्षं ज्या पाण्यात हात घातले, ते आपल्याच पोरीच्या कपाळावर ओळखता आलं नाही.

ते दवाखान्यात गेले. डॉक्टरबाईंचा साठावा पेशंट नुकताच बाहेर पडला होता आणि त्या खुर्चीतच पाय लांब करून बसल्या होत्या. काकांनी सगळं सांगितलं. बाईंनी पहिला प्रश्न वैद्याबद्दल विचारला नाही.

"मुलगी घाबरते असं तिनं सांगितलं, तेव्हा तुम्ही काय म्हणालात?"

काका खाली बघत म्हणाले, "हसलो."

"आणि तो वैद्य?"

"तो हसला नसेल."

बाईंनी चष्मा काढून डोळे चोळले. मग त्या म्हणाल्या, "त्याचं पाणी खोटं आहे हे आपण दाखवू, ते सोपं आहे. पण तिची भीती खोटी आहे असं पुन्हा म्हणू नका. कारण खोटं असेल, भीती खरीच आहे."

शुक्रवारी दुपारी ऊन रणरणत होतं. धाकटी कपड्यांची पिशवी घेऊन रांगेत पुढेच उभी होती. बापाला आणि डॉक्टरबाईंना बघून तिनं मान वळवली. वैद्य दारापर्यंत आले होते. काकांनी आपले हात पुढे केले. काळी बोटं पाहून वैद्यांचा मदतनीस मोठ्यानं म्हणाला, "दहा! याला दहा ठिकाणी बाधा!" रांगेत कुजबुज झाली. वैद्य मात्र त्या बोटांकडे बघून, इतक्या दिवसांत पहिल्यांदाच, गप्प झाले.

"बाधा नाही, धंदा आहे," काका म्हणाले. "आरसे करतो. वैद्यबुवा, तुमचं पाणी दिवसा निव्वळ पाणी असतं ना?"

सगळ्या रांगेनं ते रोज ऐकलेलं होतं. वैद्यांना हो म्हणणं भाग पडलं.

"मग डॉक्टरबाईंच्या हातावर लावू. आता, उन्हात. चंद्र उगवायला अजून पाच तास आहेत."

वैद्य लगबगीनं आत गेले आणि पांढऱ्या काचेची बाटली घेऊन आले. काका म्हणाले, ती नको, ती न्हाव्याची. आणि त्यांनी धाकटीची तपकिरी बाटली काढली. वैद्य म्हणू लागले की दिवसा या पाण्याचा अपमान होतो, कळा कोपतात. डॉक्टरबाईंनी तोवर बाही वर केली होती. काकांनी दोन थेंब लावले. एकावर काळ्या चिकटपट्टीचा तुकडा, दुसरा उघडा. मग सगळे थांबले. थांबण्यासारखं कंटाळवाणं काही नसतं. न्हावी घड्याळ बघत होता, वैद्य सोळा कळा पुन्हा पहिल्यापासून सांगत होते आणि कुणी ऐकत नव्हतं. पंधरा-वीस मिनिटांत उघडा थेंब तांबूस झाला, मग तपकिरी. अर्ध्या तासानं बाईंनी पट्टी काढली. खाली कातडी होती तशी होती.

"हे उजेडानं काळं पडतं," काका सांगू लागले. "म्हणून बाटली तपकिरी, म्हणून आत काळोख, म्हणून कांडी. स्वतःचं बोट तो कधी बुडवत नाही. संध्याकाळी लावलेलं सकाळच्या उन्हात उमटतं, आणि तुम्ही म्हणता रात्री चंद्रानं केलं. पुढे तो बाटली बदलतो, मग वरची कातडी झडली की डाग जातो. माझा जात नाही, कारण मी रोज नवा लावून घेतो. ज्याला गिऱ्हाईक करायचं त्याला तपकिरी बाटली, जो हसायला येतो त्याला पांढरी."

न्हाव्याचं तोंड एवढंसं झालं. पण टाळ्या वगैरे काही वाजल्या नाहीत. काही जण मुकाट्यानं घरी गेले. एक बाई काकांवरच चिडली, की मला बरं वाटत होतं ते तुम्ही घालवलंत. दोघंतिघं म्हणाले, हे पाणी खोटं असेल, पण वैद्य खरे आहेत. दुसऱ्या दिवशी गोदामाला कुलूप होतं. वैद्य कुठल्या तरी दुसऱ्या शहरात दुसरं गोदाम बघत असणार.

घरी आल्यावर धाकटीनं पिशवी कोपऱ्यात ठेवली आणि सवयीनं खिडक्या लावल्या. वैद्य गेला होता, चंद्र होता तिथेच होता. ती जमिनीवर बसली आणि रडू लागली.

"तुम्ही जिंकलात, बाबा. आता मला कोण बरं करणार? तो खोटारडा असेल. पण माझं ऐकून घेणारा तो पहिला होता."

काका तिच्याशेजारी बसले. गुडघे दुखत होते तरी बसले. "चुकलो मी," ते म्हणाले. "आता सांग. मी ऐकतो."

तिनं सांगितलं. आई गेली त्या संध्याकाळी ती गच्चीत वाळलेले कपडे काढत होती. समोर पौर्णिमेचा चंद्र वर येत होता आणि ती कपडे सोडून तो बघत राहिली. खालून शेजारणीची हाक आली. ती खाली पोचेपर्यंत आईची शुद्ध हरपली होती. चंद्र बघत बसले नसते तर, एवढंच तिच्या मनात तीन वर्षं होतं. काकांना यातलं काही माहीत नव्हतं, कारण त्यांनी विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात डॉक्टरबाई म्हणाल्या, दोन मिनिटांनी तुझ्या आईचं काही बदललं नसतं. तिच्या डोक्यातली रक्तवाहिनी फुटली होती. पण त्या वेळी जे डोळ्यांसमोर होतं त्याचीच तुझ्या शरीरानं धास्ती घेतली. चंद्राचा दोष एवढाच, की तो तिथे होता. आता शरीराला पुन्हा शिकवावं लागेल, हळूहळू. पळालं की भीती वाढते. थांबलं की ती चढते, आणि आपली आपण उतरते.

पहिले काही दिवस नुसतं कागदावर वर्तुळ काढायचं. मग छापील चित्र. मग एके दिवशी बाईंनी तिला दुपारी चारला दवाखान्याच्या मागच्या ओट्यावर नेलं आणि पूर्वेकडे बोट दाखवलं. लख्ख उजेडात अर्धा, फिकट चंद्र होता. धाकटीचा हात गार पडला, पण ती पळाली नाही. बऱ्याच वेळानं म्हणाली, "हा तर धुऊन वाळत घातल्यासारखा दिसतोय." बाई हसल्या, तीही थोडं हसली. काका हसावं की नाही या विचारात राहिले.

संध्याकाळच्या चंद्रासाठी तोड काकांनी काढली. त्यांनी तळहाताएवढा आरसा कापला, कडा घासून गुळगुळीत केल्या आणि आधी तिला विचारलं, किती मोठा हवा. चंद्राकडे पाठ करून उभं राहायचं आणि तो आरशात बघायचा. नकोसा झाला तर मनगट वळवायचं, की गेला. चंद्र तिच्या हातात आला, तेव्हा कुठे तिचा श्वास मोकळा झाला.

वैद्याचं पितळ उघडं पडायला अर्धा तास लागला होता. या कामाला दहा महिने लागले. चौथ्या महिन्यात ती अर्ध्या रस्त्यातून पळत आली आणि पंधरा दिवस पुन्हा खिडक्या बंद. काकांच्या जिभेवर "पुरे आता" हे शब्द कितीदा आले आणि त्यांनी ते गिळले. कारखान्यानं तिला तात्पुरतं सकाळच्या पाळीला, गठ्ठे बांधायला घेतलं होतं. तिला तिचं टेबल हवं होतं.

म्हणून सांगायचं ते एवढंच. चंद्र दगडाचा आहे, त्याला माणसं ओळखता येत नाहीत. कुणी पाण्यानं, डागानं, राखेनं तुमची बाधा दाखवू लागला, तर त्याची दुसरी बाटली मागा आणि भर उन्हात उघडा. आणि घरात कुणी घाबरत असेल तर हसू नका, विचारा. वैद्याची रांग हसणाऱ्यांच्या दारातूनच सुरू होते.

दहाव्या महिन्यात धाकटीला टेबल परत मिळालं. दुसऱ्या पाळीचा पहिला दिवस नेमका पौर्णिमेचा. आणायला जायचं नाही, असं बाईंनी काकांना बजावलं होतं. पावणेआठ वाजून गेल्यावर काकांची नजर कोनाड्याकडे गेली. आरशाचा तुकडा तिथेच होता. पोरगी विसरली. चप्पल पायात घालून ते दारापर्यंत गेले, परत आले, पुन्हा गेले. शेवटी खिडकी उघडून बसले. समोर चंद्र चांगला वर आला होता आणि काकांना तो आज मुळीच आवडत नव्हता.

आठ वीसला दार वाजलं. धाकटीचा चेहरा घामेजला होता. तिनं माठातलं पाणी घेतलं, घटाघटा प्यायली.

"आरसा विसरलीस," काका कसेबसे म्हणाले.

"विसरले नाही, बाबा," ती म्हणाली. "ठेवून गेले होते."

मग तिनं खिडकीसमोरच्या मोठ्या आरशावरची चादर ओढली, घडी घातली आणि धुवायच्या कपड्यांत टाकली.