जपून निवडलेल्या चुका

फेब्रुवारीत अश्लेषाचा रिपोर्ट आला. गणितात सातपैकी सात, सायन्सला सहा, डचमध्येसुद्धा पाच. चौथ्या पानावर 'जागतिक दृष्टिकोन' नावाची एक चौकट होती आणि तिच्यासमोर लिहिलं होतं: विकसित होत आहे.

एकूण पायऱ्या चार. ही खालून दुसरी. आमच्या घराण्यात कुणी कुठल्याही विषयात विकसित होत असल्याची नोंद नाही. शिवाय ही मुलगी पुण्यात जन्मली, सिंगापूरला बालवाडीत गेली आणि आता बाराव्या वर्षी हार्लेममध्ये सायकलवरून आंतरराष्ट्रीय शाळेत जाते. तिच्याकडे जागतिक दृष्टिकोन नसेल तर तो कुणाकडे आहे, हे शाळेने मला दाखवावं. देशोदेशीच्या जेवणाच्या दिवशी माझ्या बायकोने, मीनलने, साठ साबुदाणा वडे तळून दिले होते. रिपोर्टात त्यांचा उल्लेखही नव्हता.

मी भेटीची वेळ घेतली. या शाळेत पालकांना दहा मिनिटं मिळतात आणि ती दहाच असतात. वर्गशिक्षिका फेमके तिशीची, हसरी. इथे शिक्षिकेला नुसत्या नावाने हाक मारायची पद्धत आहे, त्यामुळे भांडायचं असेल तर सुरुवात कुठून करावी तेच कळत नाही.

"अश्लेषा उत्तरं फार छान देते," फेमके म्हणाली. "पण प्रश्न विचारत नाही. दुसरा माणूस असा का वागतो, याचं तिला कुतूहल आहे का, हे मला समजत नाही. आणि ती पवनचक्की तिने स्वतः केली होती का?"

पवनचक्की मी केली होती. यात लपवण्यासारखं काही नाही. पुण्यात प्रोजेक्ट हा पालकांचा विषय असतो. मूल आदल्या दिवशी संध्याकाळी सांगतं, वडील स्टेशनरीच्या दुकानातून थर्माकोल आणतात, आई अक्षर काढते, आणि दुसऱ्या दिवशी चाळीस घरांची स्पर्धा होते. मुलं ते फक्त न मोडता शाळेत पोचवतात. मी केलेली पवनचक्की वाऱ्याची दिशा पाहून आपली आपण वळत असे. अश्लेषाला वर्गात विचारलं, ही कशी चालते? ती म्हणाली, घरी विचारावं लागेल.

"वर्षअखेरीला प्रदर्शन आहे," फेमके म्हणाली. "ज्याचं वागणं आपल्याला कळत नाही असा एक माणूस मुलांनी निवडायचा आणि त्याची बाजू समजून घ्यायची. सोबत एक वही. वाटेत काय काय चुकलं ते त्या वहीत लिहायचं. आम्ही चुकांना मार्क देतो."

चुकांना मार्क. मी एका बँकेच्या सॉफ्टवेअरचं टेस्टिंग करतो. चुका शोधणं हा माझा धंदा आहे आणि त्यांना मार्क दिलेले मी आजवर पाहिले नव्हते.

आता खरं सांगतो. मला त्या चौकटीचा राग आला होता तो निम्माच. उरलेली निम्मी गोष्ट अशी की दिवाळीपासून अश्लेषा माझ्याशी बोलत नव्हती. भांडण नव्हतं. मी मराठीत विचारायचो, ती इंग्रजीत संपवायची. शाळा कशी झाली? फाईन. जेवलीस? यप्. हॉकी? ओके. मीनलला ती सगळं सांगायची, अगदी कोणी कोणाला सायकलच्या शेडमध्ये काय म्हटलं इथपर्यंत. मी खोलीत आलो की गोष्ट थांबायची. मला ते फार लागत होतं. पवनचक्की करताना ती तीन रविवार माझ्या शेजारी बसून फेविकॉल धरत होती, आणि मला ते तीन रविवार परत हवे होते. म्हणून मी ठरवलं, हाही प्रोजेक्ट आपण दोघांनी करायचा.

माणूस मीच निवडला. शेजारचे मेनेर, म्हणजे श्रीयुत, ड्रॉस्ट, रिटायर्ड, एकटे. त्यांच्या संडासात वाढदिवसांचं कॅलेंडर टांगलेलं आहे. हे मी स्वतः पाहिलंय. भाऊ, मुलं, नातवंडं, सगळ्यांची नावं तारखांसकट, बसल्यावर बरोबर डोळ्यांसमोर येतील अशी. आपल्या जिवाभावाच्या माणसांना कुणी तिथे का टांगावं, हे मला खरोखरच कळत नव्हतं. विषय उत्तम होता. मी त्यांचं दार वाजवून मुलाखतीची वेळ मागितली. त्यांनी डायरी काढली, दोन पानं उलटली आणि तीन आठवड्यांनंतरचा मंगळवार दिला. आमच्या भिंतीला भिंत आहे.

त्या मंगळवारी अश्लेषाची हॉकीची मॅच निघाली. मी एकटाच गेलो. चोवीस प्रश्न नेले होते. पहिल्याच प्रश्नाला मेनेर ड्रॉस्ट म्हणाले, "तिथे रोज जावं लागतं, त्यामुळे विसरायला होत नाही," आणि तिथे खरं म्हणजे विषय संपत होता, पण मी उरलेले तेवीसही विचारले. बिस्कीट एक मिळालं.

मग मी अकरा पानं टाईप केली, तक्ते घातले, आणि चुकांच्या वहीचा मजकूरही लिहिला. चुका मी जपून निवडल्या. पहिली: मुलाखतीला मी पाच मिनिटं आधी पोचले. दुसरी: सहावा प्रश्न राहिला आणि सातवा आधी विचारला. तिसरी जरा गंभीर झाली होती, ती काढून टाकून मी एक फोटो हलला असं घातलं. प्रत्येक चुकीपुढे तारीख आणि ती कशी सुधारली याची नोंद.

"तू फक्त तुझ्या अक्षरात उतरवून काढ," मी अश्लेषाला म्हणालो. "की बसू या दोघं? रविवारी?"

"इट्स ओके, बाबा," ती म्हणाली आणि कागद दप्तरात टाकून वर गेली. मी मीनलकडे पाहिलं. मीनल कणीक मळत होती आणि ती जरुरीपेक्षा जास्त मळत होती.

प्रदर्शन जूनमध्ये, शुक्रवारी दुपारी, शाळेच्या जिममध्ये होतं. मी अर्धा दिवस रजा टाकली. दारात प्रत्येक पालकाच्या हातात एक कार्ड देत होते: कृपया दुरुस्त करू नका, विचारा. मी ते खिशात ठेवलं आणि संडासातलं कॅलेंडर शोधायला लागलो. मीनल मागे राहिली. तिला अचानक एका कोरियन बाईंशी महत्त्वाचं बोलायचं होतं.

कॅलेंडर कुठेच नव्हतं. कोपऱ्यातल्या टेबलामागे अश्लेषा उभी होती. तिच्या मागच्या बोर्डवर माझा फोटो होता. सातवीतला, तेल लावून चापून बसवलेल्या केसांचा. खाली मोठ्या अक्षरांत इंग्रजीत लिहिलं होतं: माझे बाबा माझं काम मला का करू देत नाहीत?

मी वाचायला लागलो. दुसरं काय करणार? मजकूर इंग्रजीत होता, मी मराठीत सांगतो.

"मी आजीला सहा वेळा फोन केला," असं लिहिलं होतं. "राजनकाकालाही केला. तो बाबांचा धाकटा भाऊ, तेव्हा तिसरीत होता. बाबा सातवीत असताना कराडहून साताऱ्याला विज्ञान प्रदर्शनाला एकटे एसटीने गेले. आजोबांची बदली झाली होती आणि आजीला घर सोडता येत नव्हतं. त्यांनी हापशाचं मॉडेल केलं होतं. कुणी मदत केली नाही. त्यांना दुसरं बक्षीस मिळालं. आजी म्हणते, त्या दिवसापासून त्यांनी कुठल्या गोष्टीत हार खाल्ली नाही. माझ्या बाबांना सगळं जमतं. ज्याला सगळं जमतं त्याला दुसऱ्याला अडखळताना बघवत नसेल. म्हणून ते माझं काम करतात. ते वाईट नाहीत."

पुढे एक ओळ होती. "म्हणून मला न जमलेली गोष्ट मी त्यांना सांगत नाही. शाळेत बऱ्याच गोष्टी मला जमत नाहीत."

मी ती ओळ दोनदा वाचली. सात-आठ महिन्यांचं फाईन, यप् आणि ओके त्या ओळीत होतं. मी उगाच बोर्डाच्या चौकटीकडे बघत राहिलो.

टेबलावर हापसा होता. पाण्याची बाटली, बॉलपेनची नळी, झडपेच्या जागी गोटी, सायकलच्या ट्यूबचा कापलेला वायसर, बार्बेक्यूच्या काडीचा दांडा. सगळं तिच्या हातचं, आणि ते दिसत होतं. ती दांडा वरखाली करत होती. पाणी येत नव्हतं. समोर एक जोडपं थांबलं, हसलं, पुढे गेलं.

ती मान वर न करता मराठीत म्हणाली, "बाबा, हा चालत नाहीये. राजनकाकाने सांगितलं तस्साच केलाय मी. तुझा कसा चालला होता?"

कितीतरी महिन्यांनी ती मला काहीतरी विचारत होती. उत्तर मला येत होतं. वायसर एका बाजूने सैल होता, म्हणून हवा शिरत होती. दोन मिनिटांचं काम. ट्यूबचा थोडा मोठा तुकडा कापायचा, की पाणी आलं असतं, ते जोडपं परत फिरलं असतं, आणि बोर्डवर लिहिलेलं सगळं खरं ठरलं असतं. माझा हात दांड्यापर्यंत गेलासुद्धा.

पण मग तो बोर्ड तसाच राहिला असता. त्यात एक चूक होती. ती अश्लेषाची नव्हती, तिने सगळं नीट विचारून, पडताळून लिहिलं होतं. ती अठ्ठावीस वर्षं जुनी होती आणि माझी होती.

मी हात मागे घेतला. "आशू, माझाही चालला नव्हता," मी म्हणालो.

तिने दांडा सोडला. "म्हणजे?"

"पाणी आलंच नाही. परीक्षक दोनदा येऊन गेले. दुसऱ्यांदा आले तेव्हा एका सरांनी हापसा उचलून टेबलाखाली ठेवला, दुसऱ्या मुलाच्या मॉडेलला जागा हवी होती म्हणून."

"पण आजी म्हणाली, सेकंड प्राईझ."

"आजीला मी तसं सांगितलं."

अश्लेषाने मान वर केली. तिच्या चेहऱ्यावर राग येईल, किंवा ती हसेल, अशी माझी तयारी होती. दोन्ही झालं नाही. तिने टेबलाखालून एक स्टूल पायाने माझ्याकडे सरकवलं. मी बसलो. ते पाचवीच्या मुलांचं होतं.

"बाबा, माझा सगळा बोर्ड चुकला मग."

"माझ्यामुळे."

"एकदम चुकला." तिने बोर्डकडे मान वळवली, पुन्हा माझ्याकडे. तिचा आवाज मात्र पडलेला नव्हता. तिने चुकांची वही ओढली. मी लिहून दिलेल्या तीन चुका त्यात नव्हत्या. पानंच्या पानं भरलेली होती, खाडाखोड, बाण, एका ठिकाणी शाई सांडलेली. तिने कोरं पान काढलं. "थांब. सुरुवातीपासून सांग. तू प्राईझचं कधी ठरवलंस? तिथेच?"

"एसटीत. कराड येईपर्यंत."

"रडलास?"

कोरियन बाईंचं बोलणं संपलं होतं आणि मीनल आमच्याकडे येत होती. फेमके शेजारच्या टेबलाशी उभी होती, तिला मराठी कळत नव्हतं, पण ती थांबली होती. जिममध्ये किमान दोनशे माणसं असतील.

"हो," मी म्हणालो. "उंब्रजपर्यंत."

"उंब्रज किती लांब आहे?" तिने विचारलं, आणि मी सांगू लागलो. ती वहीवर ओणवी होऊन लिहीत होती. मधूनच खोडत होती. मी वहीत डोकावलो नाही.