हजेरीपटावरचे राव

"पहिल्या अक्षराला भुलू नकोस गं, शेवटचं धर. गाणं तिथून पुढे चालतं."

धारच्या अंगणात भेंड्या खेळताना अक्का, मालनची थोरली बहीण, असं म्हणायची. आवाज पंधरा वर्षांमागचा. पण शहाऐंशी सालच्या त्या सोमवारी, देवासच्या कारखान्यात कॉम्प्युटरपुढे बसलेल्या मालनच्या कानात तो घुमत राहिला.

काम साधं होतं. दीड हजार कामगारांच्या यादीतून हवं ते नाव मशीनने शोधून द्यायचं. तिने आणि तिच्या शेजारी बसणाऱ्या रत्नाकरने, दोघांनी बेसिक या कॉम्प्युटरच्या भाषेत दोन प्रोग्राम लिहिले होते. रत्नाकरचा प्रोग्राम नावाच्या पहिल्या अक्षरापासून ताडत यादीतून एकेक पाऊल सरके. मालनचा प्रोग्राम शेवटचं अक्षर आधी ताडे. नाही जुळलं की सात-आठ अक्षरं ओलांडून टुणकन पुढे. पंधरवड्यामागे तिने मनावर गावच्या तेवढ्याच लांबीच्या मतदारयादीवर दोन्ही पळवून पाहिले. रत्नाकरचे चाळीस सेकंद, तिचे अकरा. कारखान्याचे मॅनेजर बापूसाहेब, त्यांनी तोच आकडा मुख्य कचेरीला कळवून टाकला. आता तिची नोकरी कायम होणार होती, आणि रत्नाकरची बदली खातेगावच्या गोदामात.

शनिवारी मात्र तिने कारखान्याची खरी यादी मशीनमध्ये भरली. ती हजेरीपटावरून उतरवलेली, आणि हजेरीपट लिहिणारे गोपाळराव जुन्या वळणाचे. शिपाई असो की फोरमन, कुणा मराठी माणसाचं नाव 'राव' लावल्याशिवाय त्यांच्या टाकातून उतरत नसे. "बिनरावाचं नाव म्हणजे बोडकं डोकं," म्हणायचे. मालनने उदाजीराव शोधायला लावला, आणि तिचा प्रोग्राम दर रावाच्या दारी अडला. रोमन लिपीतलं शेवटचं अक्षर जुळे, त्याआधीचं जुळे, त्याआधीचंही. मग कळे, हा तो नव्हेच. उड्या संपल्या, नुसती पायपीट उरली. बावन्न सेकंद. रत्नाकरचे तेच चाळीस.

ती कुणाला काही बोलली नाही. 

आणि आज मुख्य कचेरीचे जगदेवराव समोर बसले होते. बापूसाहेबांच्या मुठीत स्टॉपवॉच.

"हं, मालनबाई, तुम्हीच सांगा एखादं नाव."

उदाजीराव ओठांपर्यंत आला होता. ती म्हणाली, "दुलेसिंग."

अकरा सेकंद.

"वा! कमाल आहे पोरीची!" जगदेवरावांनी मांडीवर थाप मारली.

दारात चहा घेऊन आलेल्या शिपायाला रत्नाकर हसत म्हणाला, "देखा भिया? अपनी तो बैलगाडी है, दर झाडाखाली थांबणार. ताईंची हरणी निघाली!"

"तुम्हाला वाईट नाही ना वाटलं?" मालनने विचारलं. आपलाच प्रश्न तिला खोटा वाटला.

"वाईट कशाचं? खातेगावचा गहू खाऊन पोट सुटेल, एवढंच. आई म्हणते, मला देवास सोडवत नाही. म्हटलं, माँ, गोदामात नावं नाहीत, नुसती पोती आहेत. पोती काय, हातानेही शोधता येतात." तो हसला, पण खुर्चीवरची आपली लहानशी उशी उचलताना ती त्याच्या हातून दोनदा निसटली.

बापूसाहेबांनी बदलीचा कागद पुढे ओढला, पेनाचं टोपण काढलं.  नोकरी गेली तर मालन धारला परत, अक्काच्या दारी, रिकाम्या हातांनी. पेनाचं टोक कागदावर टेकलं.

"साहेब, थांबा!" तिचा आवाज फाटला. सगळे वळले. "दुलेसिंग मी मुद्दाम सांगितला. आपल्या यादीत निम्म्याहून जास्त नावं राववाली आहेत, त्यांत माझा प्रोग्राम अडतो. त्या नावांना रत्नाकरभाऊंचाच जलद आहे. उदाजीराव शोधून बघा... मला हे शनिवारपासून माहीत आहे."