ब्रशाचं टोक

"बुडवायचा, कडेवर दोनदा ठोकायचा, आणि मग असा," म्हणत अय्यूब सरांनी ब्रश ओठांत धरला, हलकेच फिरवला आणि बाहेर काढला. केसांना सुईसारखं टोक आलं होतं. "पाहिलं? आता यानं चिमणीच्या डोळ्यातला ठिपकासुद्धा काढता येते. फडक्यानं पुसाल तर केस फाकतात."

आठवीतली सुरभी समोर सरांचा मोबाइल धरून उभी होती. चित्रीकरण हलू नये म्हणून तिने श्वास रोखला होता. तो सोडताना ती म्हणाली, "सर, तुमच्या ओठाले निळं लागलं."

वर्ग हसला. सरही हसले, आणि हा भाग व्हिडिओत तसाच राहू द्यायचा असं त्यांनी ठरवलं. टेबलावर त्यांच्यापुढे गळा कापलेली प्लास्टिकची बाटली होती आणि तिच्यात निळसर पाणी होतं.

चित्रकलेच्या शिक्षकाला शाळेत काय किंमत असते हे ज्याला पाहायचं असेल त्याने त्याचा तास बघायला जाऊ नये, पाहुणे यायच्या आदल्या दिवशी जावं. ढाणकीच्या त्या शाळेत अय्यूब सर तेव्हा सगळ्यांना हवे असत. स्वागताचा फळा, मंचामागचा पडदा, प्रमाणपत्रांवरची नावं, सगळं त्यांच्या गळ्यात. पाहुणे गेले की त्यांचा तास गणिताला. त्यांचे वडील साइनबोर्ड रंगवायचे. गावातल्या निम्म्या दुकानांच्या पाट्या त्यांच्या हातच्या, आणि ब्रश ओठांत घेऊन टोक काढायची सवय त्यांचीच. ती अय्यूबकडे आली तशी आता वर्गाकडे चालली होती.

मग मोबाइलवर 'रंगमित्र' आला. कलाशिक्षकांचा ग्रुप. महागावकडचे पूनमसिंग राठोड सर तो चालवत. ज्या माणसाने एका फाटक्या पुस्तकावर बरीच वर्षं ढकलली, त्याला एकाएकी हवं ते मिळायला लागलं. स्थिरचित्रांचे नमुने, एलिमेंटरी परीक्षेचे जुने पेपर, छायाप्रकाश शिकवणारे व्हिडिओ. आणि तिथे कोणी त्यांना 'सर, जरा फळा लिहून द्या' म्हणत नसे. तिथे ते कलावंत होते.

म्हणून 'बिनखर्चाची रंगपेटी' हा व्हिडिओ त्यांनी मन लावून केला. रंग, ब्रश शाळा देते, पण पाण्याला भांडं आणि रंग कालवायला ताटली पोरांनी कुठून आणायची? तर घरातल्या रिकाम्या बाटलीचा गळा तेवढा कापा. खालचा भाग पाण्याला, झाकणं पुठ्ठ्यावर चिकटवून रंगांना. "लेबल मात्र काढून टाका," सर व्हिडिओत सांगत होते, "नाहीतर नजर लेबलावर जाते अन चित्र राहून जाते."

ग्रुपवर फुलं पडली, टाळ्या पडल्या. नागपूरच्या एका बाईंनी लिहिलं, आमच्या शाळेत उद्याच करते. कोणी तो सरांच्या नंबरासकट दुसऱ्या ग्रुपवर टाकला, तिथून तिसऱ्यावर गेला. जेवताना सर एकेक अभिप्राय बायकोला वाचून दाखवायचे, आणि हमीदा पोळी वाढता वाढता म्हणायची, "पहले खाना खाव, फिर तारीफ खाव."

शहरात रिकामी बाटली म्हणजे सरबताची नाहीतर तेलाची. कापसाच्या मुलखात, भादव्यात, घराच्या पडवीला रिकामी बाटली कशाची असते हे अय्यूब सरांना माहीत नव्हतं असं नाही. ते बाजारपेठेत वाढलेले, वावराशी कधी संबंध आला नाही, त्यामुळे त्यांच्या मनात आलं नाही, एवढंच.

त्या वर्षी कपाशी माणसाच्या डोक्यावर गेली होती. बोंडअळीपायी लोक औषधावर औषध मिसळून फवारत होते, आणि उंच झाडांमुळे फवारा वरून अंगावरच यायचा. कोणाचे डोळे गेले, कोणाला उलट्या लागल्या, कोणी दवाखान्यातून आलंच नाही, अशा बातम्या रोज यायच्या. शिक्षकांच्या खोलीत त्यावर चहासोबत बोलणं व्हायचं. चित्रकलेच्या वर्गात खिडकीच्या कट्ट्यावर कापलेल्या बाटल्यांची रांग लागली होती. वर्गात एक उग्र वास भरून राहायचा. पोरं कपाळ दाबायची. सर म्हणायचे, "स्वस्तातले पोस्टर कलर, काय करता. खिडकी उघडा."

एलिमेंटरी परीक्षा तोंडावर आली आणि सुरभी येईनाशी झाली. तिच्यासारखा हात सरांना आजवर मिळाला नव्हता. तिला ए ग्रेड मिळणार हे ते ग्रुपवर आधीच लिहून बसले होते. निरोप आला, तिला यवतमाळच्या मोठ्या दवाखान्यात हलवलं आहे.

सर दुसऱ्याच दिवशी एसटीने गेले. वॉर्डात जागा नव्हती. फवारणीची माणसं खाटांवर होती, खाली गाद्यांवर होती. काहींचे हात खाटेला बांधले होते, कारण ती झटके देत होती. सुरभी भिंतीकडच्या खाटेवर पडलेली. तोंडातून लाळ येत होती आणि आई, विमलताई, ती पदराने पुसत होती.

"सर, ते वावरात गेलीच नाही हो," विमलताई म्हणाल्या. "डॉक्टर इचारून राह्यले, फवारणीत होती काय. म्या म्हणलं, ते तं घरी चित्र काढत बसली होती. मले म्हणे, माय, कागद अंधारा दिसते. दिवसाढवळ्या. मंग वकायले लागली."

डॉक्टरांनी तिच्या डोळ्यांवर बॅटरी धरली तेव्हा सरांनीही वाकून पाहिलं. बुबुळातलं काळं बारीक ठिपक्याएवढं उरलं होतं. चिमणीच्या डोळ्यातला ठिपका त्यांना आठवला आणि स्वतःचाच राग आला.

शेजारच्या खाटेखाली एक बाटली होती. ज्याने फवारलं त्याची बाटली सोबत आणा, असं डॉक्टर सांगतात, म्हणजे कोणतं औषध गेलं ते कळतं. म्हणून जवळजवळ प्रत्येक खाटेखाली एक होती. सर बघत राहिले. माणसं चेहरे ओळखतात, चित्रकलेचा शिक्षक आकार ओळखतो. तो उतरता खांदा, गळ्याखालची ती दोन वळी, बुडाकडची खाच. गेला महिनाभर ते पोरांना हीच बाटली काढायला लावत होते. खांद्यावर उजेड कसा पडतो, वळ्यांखाली छाया कुठे येते, सगळं फळ्यावर काढून दाखवलं होतं. फक्त तिच्यावर लेबल नव्हतं. या बाटलीवर होतं, विषाची खूण असलेल्या लाल त्रिकोणासकट.

ते खाली बसले.

बाहेर व्हरांड्यात त्यांनी विमलताईंना सांगितलं. सांगताना शब्द जुळत नव्हते. बाटली, पाणी, ब्रश, ओठ. विमलताईंना कळायला वेळ लागला, आणि कळलं तेव्हा त्या सरांवर ओरडल्या नाहीत. तेच जास्त वाईट झालं.

"म्याच देल्ली थे बाटली," त्या म्हणाल्या. "सरनं मागतली म्हणे. राखंनं घासली, तीनदा धुतली. वास जातच नोयता. मले वाटलं, आता रंगाचाच वास येत असन."

सुरभी वाचली. पण बोटांची थरथर राहिली आणि ती कधी जाईल हे कोणी सांगेना. विमलताईंनी एवढंच सांगितलं, "आमच्या घरात आता चित्राचं नाव काढू नका, सर."

वर्गातल्या बाटल्या सरांनी यवतमाळहून परतले त्याच संध्याकाळी पोत्यात भरून बंद केल्या. मग ग्रुपवरून व्हिडिओ काढला. तो त्यांच्याच मोबाइलमधून गेला, बाकीच्यांच्या मोबाइलमधून कसा जाणार? त्यांनी लिहिलं, 'माझ्या व्हिडिओप्रमाणे बाटल्या वापरू नका. त्या फवारणीच्या औषधाच्या असू शकतात. ब्रश ओठांत घेऊ देऊ नका. माझ्या एका विद्यार्थिनीला विषबाधा झाली आहे.' खाली दोन जोडलेले हात आले, एक गुलाब आला आणि एकाने लिहिलं, 'उपयुक्त माहिती सर.' त्याच्या खाली लगेच कोणीतरी गणपतीचं रेखाचित्र टाकलं आणि ग्रुप त्या गणपतीकडे वळला.

थोड्या वेळाने पूनमसिंग सरांचा फोन आला. "सर, ते पोस्ट काढून टाका तुम्ही. ग्रुपवर साहेब लोक हायेत. चौकशी लागली तं तुमचंच नाव निघन. आन तुमचं नाव..." ते थांबले. "समजून घ्या. दिवस बरे नाहीत."

"तुमच्या शाळेत बाटल्या आहेत काय, सर?" अय्यूबनी विचारलं.

"आमच्या पोरायच्या साध्या बाटल्या हायेत. तुम्ही कायले टेन्शन घेता?"

हमीदा दारात उभी राहून ऐकत होती. "बोलते फिरोगे तो लोगां क्या बोलेंगे, सोचे क्या? बच्चों को जहर पिलाया बोलेंगे."

"और नहीं बोला तो?"

ती आत निघून गेली. तिला भीती वाटत होती आणि ती खोटी नव्हती. पण सकाळी सर गाडी काढायला गेले तेव्हा तिने एक जड पिशवी हँडलला अडकवली. माहेराहून आलेले स्टीलचे पेले होते, कधी वापरात न काढलेले. "पानी के वास्ते बच्चों को कुछ तो देना पडेंगा," ती म्हणाली.

महागावकडची पूनमसिंग सरांची शाळा बंजारा तांड्याला लागून आहे. अय्यूब सर वर्गाच्या दारात पोहोचले आणि आधी खिडकीकडे पाहिलं. उन्हात रांग लागली होती. उतरते खांदे, दोन वळी. लेबलं स्वच्छ खरवडलेली.

"व्हिडिओवाले सर!" पोरं उभी राहिली. पुढच्या बाकावरच्या मुलीने कौतुक करून घेण्यासाठी ब्रश पुढे केला. टोक छान आलं होतं. तिच्या खालच्या ओठावर निळा डाग होता.

"बाळा, ही बाटली कशाची?"

"फवाऱ्याची. बापू वावरातून आणते."

पूनमसिंग सर मागोमाग आत आले होते, त्यांनीही ते ऐकलं. ते बाकाच्या कडेवर बसले आणि एकेका बाटलीकडे बघत राहिले. मग त्यांनी वर्गाला विचारलं, "पोट कोणाचं दुखते? चक्कर कोणाले येते?" आधी कोणी हलेना. मग मागून एक हात वर आला, मग खिडकीकडचा, मग आणखी काही. ते उठले ते पोरांना दवाखान्यात न्यायला धावतच गाडी बघायला गेले. जाताना अय्यूब सरांचा खांदा त्यांनी एवढा घट्ट दाबला की तो दुखला.

अय्यूब सरांनी पोरांना हातपंपावर नेऊन तोंडं धुवायला लावली, परत परत. बाटल्या पोत्यात टाकल्या, पेले वाटले. ती पुढच्या बाकावरची मुलगी नव्याकोऱ्या पेल्यात आपलं तोंड बघत होती. सर ओट्यावर बसले तेव्हा खिशातला मोबाइल थरथरला.

अनोळखी नंबर. फोटो होता. एका शाळेचं अंगण, मागे कुंपणापलीकडे उंच कपाशी. जमिनीवर मांडी घालून बसलेली पोरं, पुढे कापलेल्या बाटल्या, आणि फोटोसाठी सगळ्यांनी एकदम ब्रश ओठांत धरलेले. खाली दोन ओळी तेलुगूत होत्या. त्यातली एक खूण तेवढी सरांना वाचता आली, जोडलेले हात.

पैनगंगेपल्याड तेलंगणातलं कुठलं गाव, कुठली शाळा, काही कळायला मार्ग नव्हता. त्यांनी नंबर लावला.

"नमस्ते सर! बहुत सुपर व्हिडिओ सर," पलीकडून एक तरुण आवाज म्हणाला. "हमारा बच्चा लोग बहुत खुश सर."

"सर, सुनिए. वो बोतल में जहर है. पानी फेंक दो, अभी के अभी."

"हलो? आवाज कट रहा सर. एक मिनट हाँ, क्लास चल रहा."

फोन टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. तो शिक्षक पोरांना तेलुगूत काही सांगत होता, लयीत, मोजून. भाषा कळत नव्हती, पण अय्यूब सरांना एकही शब्द चुकला नाही. बुडवायचा. मग प्लास्टिकच्या कडेवर, सगळ्या वर्गाने मिळून, टक, टक.

आणि मग शांतता.

"सर, फोन उठाव," अय्यूब सर हळूच म्हणाले. पुन्हा म्हणाले. तांड्याची पोरं पेले हातात धरून त्यांच्याकडे बघत होती. एका हाताने फोन कानाला दाबून ते दुसऱ्या हाताने स्वतःचे ओठ पुसत राहिले.